मासा घेताना रंग नाही, तोंड पाहा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या फिश टँकवर मोठा लेख आला होता. फोटो झकास होते, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टँक कोणत्या दिशेला ठेवावा, लकी मासा कोणता, सोफ्याच्या कव्हरला मॅचिंग मासा कोणता, हे सगळं त्यात आलं आणि मासा पाण्याच्या कोणत्या थरात राहतो याच्यावर एक ओळ नाही. शेवटी तर असं लिहिलं होतं की आठ-दहा वेगवेगळ्या रंगाचे मासे टाका म्हणजे टँक भरलेला दिसतो. करून पाहा तसं. दुकानदार जे पहिलं दाखवतो ते टेट्रा, बार्ब, एंजल, शार्क, सकर हे सगळे मधल्या नाहीतर तळाच्या पाण्यातले, ते खाली एकमेकांच्या अंगावर जाऊन राहतात आणि वरचं चार-पाच इंच पाणी मोकळंच्या मोकळं. मंग लोक म्हणतात टँक रिकामा दिसते, आणखी मासे आणा, आणि मंग मासे मरतात. म्हणून हे पत्र लिहून राहिलो. लांब झालं तर कापा, पण वरच्या थरातल्या माशांचा भाग कापू नका.

आता हे थराचं प्रकरण आपल्या झाडीपट्टीला काही नवीन नाही राजेहो. मी नागभीड तालुक्यातला, आमच्याकडं गावागावात मामा तलाव म्हणजे जुने मालगुजारी तलाव आणि बोड्या म्हणजे शेतातली छोटी तळी आहेत. मासेमारी करणाऱ्या कोणत्याही ढिवर भावाला विचारा की तलावात बीज टाकता तेव्हा कटला, रोहू, मृगळ तिन्ही काऊन टाकता, जो जास्त भाव देतो तो एकटाच काऊन नाही टाकत. तो सांगेल की कटला वरचं खातो, रोहू मधलं खातो, मृगळ तळाचं खातो, तिघं एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत म्हणून एकाच तलावात जास्त मासळी निघते. तिघंच टाकायचे तर साधारण चार-तीन-तीन असं प्रमाण धरतात, म्हणजे दहा बोटुकल्यांमागं (बोटाएवढ्या पिल्लांमागं) चार कटल्याच्या. हे गणित ज्याला येते त्यालाच घरी पोरांसाठी टँक घ्यायची वेळ आली की तो नागपूरच्या दुकानात जाऊन म्हणतो, "तो लाल द्या, तो पिवळा द्या, तो निळा द्या." तलावातलं डोकं दुकानाच्या बाहेर चपलेसोबत काढून ठेवते माणूस.

ओळखायचं कसं, तर तोंड पाहून. बाजारात कटला पडलेला असतो तेव्हा त्याचं डोकं नीट पाहा, खालचा जबडा पुढं आणि वर आलेला, तोंड आभाळाकडं उघडते. वरून तरंगत येणारं खायचं तर तोंड तसंच लागते. मृगळाचं तोंड खालच्या अंगाला. टँकच्या माशालाही हाच नियम लागू. तोंड वर वळलेलं असेल तर वरच्या पाण्यातला, नाकासमोर सरळ असेल तर मधला, खाली असेल आणि मिशा असतील, पोट चपटं असेल तर तळाचा. पंचॅक्ससारखा पक्का वरचा मासा असला तर त्याची पाठ पट्टी लावल्यासारखी सरळ असते आणि पाठीवरचं पाखं पार मागं शेपटीकडं, काऊन की त्याला पाण्याच्या अगदी कातडीला पाठ लावून राहायचं असते. दुकानात जाऊन पाच मिनिटं उभं राहिलं तरी हे दिसते, दुकानदाराला विचारायची गरज नाही. विचारलंच तर "सब चलता है" हेच ऐकायला मिळते.

पण एक गोष्ट इथंच सांगतो, ही जास्त महत्त्वाची आहे. वर राहणारा मासा वेगळा आणि वर आलेला मासा वेगळा. तुमच्या लेखातल्या एका फोटोत सगळे गोल्डफिश वरती येऊन तोंड उघडझाप करताना दिसून राहिले आणि खाली लिहिलं होतं 'खेळकर गोल्डफिश'. ते खेळून नव्हते राहिले साहेब, श्वास घ्यायला धडपडून राहिले होते. गोल्डफिश हा काही वरचा मासा नाही, तो सगळ्या थरात फिरतो आणि त्याला तळाचे खडे उकरायचा नाद जास्त. वरचा मासा आडवा, शांत राहतो, कल्ले हळूहळू हलतात, बोट दाखवलं की चटकन सरकतो. ऑक्सिजन कमी झालेला मासा तिरपा लटकतो, तोंड पाण्याच्या पापुद्र्याला लावलेलं, कल्ले जोरजोरात, आणि एकटा नाही तर तळातले सुद्धा सगळे एकदमच वर. तलावात उन्हाळ्यात ढगाळ हवा असली की पहाटे पहाटे मासळी वर येऊन तोंड मारते ते कोणी पाहिलं नाही? रात्रभर पाण्यातलं शेवाळ आणि वनस्पतीही ऑक्सिजनच ओढत असतात, त्यामुळं पहाटे तो सगळ्यात कमी होतो. तेच टँकमध्ये होते. तेव्हा पाणी बदला, हवा द्या, खाणं बंद करा, तो 'टॉपचा मासा आहे' म्हणून समाधान मानू नका. एका दुकानात तर मी दुकानदाराला गिऱ्हाइकाला हेच सांगताना ऐकलं, मरायला टेकलेले मासे टॉपचे म्हणून विकून राहिला होता.

आता आपल्याकडच्या माणसानं वरच्या माशांचा विचार जास्त काऊन करावा ते सांगतो. पुण्या-मुंबईचा सल्ला आपल्याकडं जशाच्या तसा नाही चालत. ब्रह्मपुरी-चंद्रपूरचं नाव मे महिन्यात देशाच्या यादीत वर असते, पारा 45-46 च्या पुढं, स्लॅबच्या घरात टँकचं पाणी 33-34 डिग्रीला सहज जाते. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी राहतो, हा पाण्याचा गुणच आहे. 25 डिग्रीला एका लिटर पाण्यात साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 डिग्रीला सातच्या आत येतो. आणि गरमीत माशाचं शरीर जास्त जोरात चालते म्हणजे त्याला लागतो जास्त. त्यातच लाईन जाते. वादळ आलं की गेली, कुठं तार तुटली की गेली, मंग पंप बंद, फिल्टर बंद. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो वरूनच, त्यामुळं पंप बंद पडल्यावर सगळ्यात आधी तळाचा मासा गुदमरतो आणि वरच्या थरातल्याला थोडा जास्त वेळ मिळतो. त्यातही जे मासे थेट हवाच पितात त्यांना तर लाईनचं काही देणंघेणं नाही.

हे हवा पिणारे म्हणजे गौरामी आणि फायटर. यांच्या डोक्यात कल्ल्याच्या वर एक घड्याघड्यांचा अवयव असतो, लॅबिरिंथ म्हणतात त्याला, त्यातून वरची हवा तोंडानं घेऊन वापरतात. आपल्या मरळीचंही थोडंफार तसंच असते म्हणून मरळ बादलीत तासन् तास जिवंत राहते. गौरामी विदेशी वाटतो पण ड्वार्फ गौरामी आणि हनी गौरामी हे दोन्ही गंगा-ब्रह्मपुत्रेकडचे, म्हणजे भारतातलेच. हनी पाच सेंटीमीटरचा, स्वभावानं गरीब, नर तयार झाला की मधासारखा रंग चढतो. ड्वार्फ थोडा मोठा, निळ्या-लाल पट्ट्यांचा, दोन नर लहान टँकमध्ये टाकले तर भांडतात. हे दोघं वरच्या आणि मधल्या पाण्यात हळूहळू फिरतात, पोटाखालच्या दोऱ्यासारख्या पाखांनी चाचपडत. निळा थ्री-स्पॉट गौरामी दुकानात स्वस्त मिळतो आणि दणकट आहे, पण तो 15 सेंटीमीटरपर्यंत जातो आणि म्हातारपणी तिरसट होतो, दोन फुटी टँकवाल्यानं त्याच्या नादी लागू नये. फायटर सगळ्यांना माहीत आहे, एका टँकमध्ये एकच नर, आणि तो चहाच्या ग्लासाएवढ्या बाटलीत ठेवणं बंद करा बाप्पा, हवा पितो म्हणून त्याला घाण पाणी चालते असं नाही होत.

मंग डॅनियो. झेब्रा डॅनियो, अंगावर निळे पट्टे, चार-पाच सेंटीमीटरचा, भारतातल्या नाल्या-ओढ्यांतला, भाताच्या बांध्यांच्या पाण्यातही राहणारा मासा. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं 1822 मध्ये गंगेच्या माशांवर जे पुस्तक काढलं त्यात याचं वर्णन आहे, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या खालोखाल हाच वापरतात. 2024 मध्ये चीननं आपल्या अंतराळ स्थानकावर चार झेब्रा मासे पाठवले होते. आणि आपण त्याला 'साधा' म्हणून सोडून देतो, काऊन की तो सगळ्यात स्वस्त असतो! माझं मत विचाराल तर गावातल्या पहिल्या टँकसाठी याच्यासारखा मासा नाही. आपल्या डिसेंबरची थंडी पण सोसतो आणि मे पण काढतो, फक्त एकटा-दुकटा घेऊ नका, सहा-आठचा थवा पाहिजे, नाहीतर एकमेकांच्या मागं लागून त्रास देतात. दिवसभर वरच्या पाण्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतो म्हणून त्याला लांब टँक पाहिजे. फायटरसोबत ठेवू नका, याच्या धावपळीनं फायटर खाण्यापर्यंत पोचतच नाही. जायंट डॅनियो पण आपल्या देशातलाच, पण तो दहा सेंटीमीटरचा, त्याला चार फुटी टँक असेल तरच घ्या.

पंचॅक्स हा माझा आवडता, आता थोडं त्याच्याबद्दल लिहितो, दुकानात मागितला तर दहातले नऊ दुकानदार तोंडाकडं पाहतात. हाही भारतातलाच किलीफिश. डोक्यावर मधोमध एक चमकणारा ठिपका असतो, वरून पाहिलं तर काळोख्या पाण्यात तोच दिसतो. पट्टेवाला पंचॅक्स दहा सेंटीमीटरपर्यंत होतो, त्याचं तोंड मोठं, गप्पीची पिल्लं काय, छोटे डॅनियो पण गिळतो. हिरवा पंचॅक्स त्याच्या निम्म्याचा, केरळकडचा, लहान टँकला तोच बरा. हा मासा पाण्याच्या कातडीखाली काडीसारखा पडून राहतो, वरून डास, मुंगी, किडा पडला की एकच झेप. याला तरंगत्या वनस्पती पाहिजेत, नाहीतर उघड्यावर घाबरतो. आणि झाकण नसेल तर सकाळी टँकच्या मागं वाळलेला सापडतो.

गप्पी-मोलीचं काय ते पाण्यावर आहे. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुतेक जड, भांड्यावर पांढरं बसते ते. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्यांना असंच पाणी मानवते. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याकडच्या खारपाणपट्ट्यातले लोक पाण्याच्या नावानं रडतात आणि ते बरोबरच आहे, माणसाला ते पाणी प्यायलं जात नाही, पण मोलीला थोडं मिठाळ पाणी उलट आवडते. तेव्हा तिकडच्यांनी टेट्राच्या मागं न लागता मोली ठेवून पाहावी, आधी दोन-चारच टाकून. गप्पी घ्यायचे तर नुसते नर घ्या, नाहीतर एका नराला दोन-तीन माद्या धरा. नुसत्या माद्या आणल्या तरी पिल्लं होणारच, काऊन की मादी नराचं बीज महिनोन् महिने पोटात राखून ठेवते, आणि महिन्याभरात वीस-तीस पिल्लं टाकते. मंग हे वाटायचे कुठं हा प्रश्न येतो, त्याच्यावर पुढं येतो.

नको असलेले मासे दोन. एक हॅचेट, कुऱ्हाडीच्या पात्यासारखी छाती असलेला दक्षिण अमेरिकेतला, वरच्या थराचा म्हटलं की सगळे त्याचंच नाव सांगतात. दिसायला नंबर एक. पण त्याला पाहिजे मऊ, थोडं आम्लाकडं झुकणारं पाणी, आपल्या बोअरच्या पाण्यात आणि आपल्या मे महिन्यात त्याला आणणं म्हणजे त्याचे हाल. दुसरा अरोवाना. तुमच्या लेखात तो लकी म्हणून रंगवला आहे. दुकानात बोटाएवढं पिल्लू मिळते, सिल्व्हर अरोवाना तीन फुटांपर्यंत वाढतो, आणि वरच्या थरात एकट्यानं राज्य करतो, तोंडात मावेल ते सगळं खातो, काचेचं झाकण उडवतो. दीड खोलीच्या घरात त्याला ठेवायचं कुठं? ज्याला लकी व्हायचं असेल त्यानं लॉटरीचं तिकीट घ्यावं, माशाला बिचाऱ्याला काऊन त्रास.

टँकबद्दल एकच सांगतो, उंच घेऊ नका, पसरट घ्या. तालुक्याला काचवाल्याकडं बनवून घेत असाल तर दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी सांगा, साधारण 56 लिटर पाणी मावते. तेवढंच पाणी एक बाय एकच्या दोन फूट उंच टँकमध्ये पण मावते, पण मग पाण्याचा हवेला लागणारा भाग निम्मा होतो, ऑक्सिजन शिरायची जागाच निम्मी, आणि वरच्या माशांना फिरायला जागा पण निम्मी. उंच टँक ड्रॉइंग रूममध्ये छान दिसते एवढाच तिचा गुण. पाणी काठापासून दोन-तीन इंच खाली ठेवा, गौरामी-फायटरला वर हवा पाहिजे आणि उड्या मारणाऱ्यांना पण थोडा अटकाव होतो. झाकण पाहिजेच, पण मे महिन्यात काचेचं झाकण लावलं तर आत वाफ कोंडते, त्यापेक्षा लाकडी चौकटीला मच्छरदाणीची जाळी ठोकून वर ठेवा, वारा लागते, पाणी थोडं उडते आणि उडता उडता थंड होते, कूलरचं तत्त्व तेच ना. रोज कमी झालेलं पाणी भरत राहा. थंडीत उलटं, तेव्हा काच टाका, काऊन की हवा पिणाऱ्या माशाला वरची हवा पण कोमट पाहिजे. ज्यांचं कवेलूचं मातीच्या भिंतीचं घर अजून उभं आहे त्यांनी टँक माजघरात ठेवावा, तिथं कूलरशिवाय पण स्लॅबच्या घरापेक्षा पाणी थंड राहते.

पाण्याच्या वर तेलकट पापुद्रा जमतो, खास करून टँक स्वयंपाकघराजवळ असेल आणि रोज फोडणी असेल तर. तो पापुद्रा म्हणजे ऑक्सिजनच्या वाटेवर दार लावल्यासारखं. जुन्या पेपरचा कागद पाण्यावर अलगद पसरून उचला, पापुद्रा कागदाला चिकटून येतो (तुमच्या पेपरचा हाही उपयोग आहे, रागावू नका).

आता विषाचं. वरचे मासे सगळ्यात आधी मरतात ते मच्छरच्या औषधानं. मच्छर अगरबत्ती, मशीनचं लिक्विड, स्प्रे, यात बहुतेक पायरेथ्रॉइड जातीचं औषध असते, ते माणसाला फारसं नाही पण माशाला जबरदस्त विषारी. पावसाळ्यात ग्रामपंचायत धुरळणी करते तेव्हा घरोघर धूर शिरतो, आणि गौरामी, फायटर तर तीच हवा तोंडानं पितात. धुरळणीची गाडी आली की टँकवर ओलं फडकं टाका, एअर पंप बंद करा, नाहीतर पंप तोच धूर ओढून पाण्यात सोडतो. धूर गेला, खिडक्या उघडल्या की मंग पंप चालू. दुसरं नळाचं पाणी. पावसाळ्यात टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर जरा सढळ हातानं पडते, आणि पडलीच पाहिजे, गॅस्ट्रोपेक्षा ते बरं. पण ते पाणी थेट टँकमध्ये ओतलं की मासे संध्याकाळपर्यंत उलटे. पसरट भांड्यात एक दिवस-रात्र उघडं ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाका. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते पण ते जमिनीतून ताजं काढलेलं असते तेव्हा त्यात ऑक्सिजन फार कमी, तेही वरून दोन-चारदा बादलीत ओतून हवा लागू द्या.

खाण्याला मात्र गावात मजा आहे. शहरातले लोक डबे विकत घेतात, आपल्या सांदवाडीतल्या टाक्यात डासाच्या अळ्या फुकट. अळीला श्वास घ्यायला पाण्याच्या वरच यावं लागते, म्हणून वर तोंड असलेला मासाच तिला सगळ्यात चांगला टिपतो. क्युलेक्सच्या अळ्या शेपटीकडच्या नळीनं उलट्या लटकतात, मलेरियाच्या अॅनोफिलीसच्या अळीला ती नळीच नसते, ती पाण्याला समांतर आडवी पडून राहते. चहाच्या गाळणीनं काढा, दोनदा धुवा, माशाला पाच मिनिटात संपेल इतक्याच टाका, जास्त टाकल्या तर घरात डास तुम्हीच पाळले. पहिल्या पावसात लाईटभोवती उधईचे पंखवाले किडे येतात ते पंचॅक्सला, डॅनियोला पंचपक्वान्न. पण रोवण्यानंतर बांध्यांत फवारणी सुरू झाली की बाहेरचे किडे देणं बंद, ते विष खाऊन आलेले असू शकतात. आणि टँकमध्ये तळाचे पण मासे असतील तर त्यांची बुडणारी गोळी रात्री लाईट बंद करून टाका, नाहीतर वरचे सगळं वरच्या वर उडवतात आणि खालचा उपाशी.

वरच्या वनस्पतीसाठी तलावातलं हायड्रिला, कोंबडीच्या शेपटीसारखं ते सेराटोफायलम चालते, आणून लाल दवाच्या (पोटॅशियम परमँगनेटच्या) फिक्या गुलाबी पाण्यात थोडा वेळ बुडवा, मंग साध्या पाण्यात धुवा, गोगलगाईची अंडी, जळवा, चतुराची पिल्लं सोबत यायला नको. चतुराचं पिल्लू दिसायला गरीब पण गप्पी पकडून खाते.

आता तो राहिलेला मुद्दा, आणि संपादक साहेब, हा तुम्ही छापाच. गप्पी जास्त झाले की लोक पुण्य म्हणून बोडीत, तलावात सोडून येतात. मलेरिया विभागाचे लोक पण गप्पी वाटतात, डासाच्या अळ्या खातात म्हणून, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या मलेरियाच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसानं त्या कामाला नावं ठेवू नये, मीही ठेवत नाही. गप्पी 1908 च्या सुमारास भारतात आला, गम्बुशिया नावाचा दुसरा छोटा मासा 1928 मध्ये इटलीतून आणला, दोन्ही डासांसाठीच. सिमेंटच्या टाक्यात, वापरात नसलेल्या विहिरीत, नाल्या तुंबल्या त्या डबक्यात टाका, खुशाल टाका. पण मामा तलावात नको. तिथं आपले स्वतःचे वरच्या थराचे छोटे मासे आधीच आहेत, ते पण अळ्या खातात, आणि बाहेरचा मासा त्यांच्याच ताटात बसतो. गम्बुशिया तर दुसऱ्या माशांची पाखं कुरतडतो, अंडी-पिल्लं खातो, जगातल्या सगळ्यात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत त्याचं नाव आहे. टँकमधून सोडलेला सकर आज राज्यातल्या काही धरणांत मच्छीमारांची जाळी फाडून राहिला. थाई मागूर या परक्या माशावर बंदी आणावी लागली. आपल्या तलावांवर आधीच बेशरमाची झुडपं आणि गाळ यांचं संकट आहे, ढिवर लोकांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यात आपल्या टँकचे शौक तिथं नेऊन ओतू नका. जास्त झालेले गप्पी शाळेला द्या, शेजाऱ्याच्या टाक्यात टाका, दुकानदाराला परत द्या, बरेचसे घेतात.

आरोग्य विभागाकडं पण या पत्रातून एक विनंती आहे. गप्पी वाटताना सोबत एक चिठ्ठी द्या, कुठं टाकायचे आणि कुठं नाही. आणि जमलं तर आपल्याच पाण्यातले पंचॅक्स, डॅनियो वाढवून वाटता येतात का ते पाहा, मत्स्यबीज केंद्रं आहेतच.

आणि तुम्हाला विनंती अशी की पुढच्या वेळी फिश टँकवर लेख आला तर लेखकाला सांगा, माशाच्या नावापुढं रंग लिहिता तसा थर लिहा, वरचा, मधला, तळाचा, आणि पूर्ण वाढ किती सेंटीमीटर ते लिहा. वास्तूची चौकट थोडी लहान केली तर जागा होते.

आपला,
एक नियमित वाचक,
ता. नागभीड, जि. चंद्रपूर

ता.क. – फायटर आणि गप्पी एकत्र चालतात का असं सगळे विचारतात म्हणून लिहितो. नर गप्पीची लांब रंगीत शेपटी पाहून फायटरला तो दुसरा फायटरच वाटतो आणि तो शेपट्या फाडतो. शांत फायटर पण असतात, पण कोणता शांत निघेल हे विकत घेताना कळत नाही. वेगळे ठेवा.